फ्लाइट सिम्युलेटरसाठी कॉम्प्युटर बनवताय? मदरबोर्डवर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे?

मुंबई विमानतळाच्या रनवे २७ वर उतरायचंय. घाटकोपरच्या इमारती खालून सरकतायत. उंची ५०० फूट, चाकं खाली, फ्लॅप पूर्ण. तेवढ्यात कॉम्प्युटरमधून 'टुडुंग' असा आवाज येतो. हातातली जॉयस्टिक हलते, पण पडद्यावरचं विमान काही हलत नाही. तीन सेकंदांनी पुन्हा 'टुडुंग'. जॉयस्टिक परत जोडली जाते, पण विमान एव्हाना रनवेच्या अलीकडेच आपटलेलं असतं.

घरच्या घरी फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्या अनेकांनी हा प्रसंग कधी ना कधी अनुभवलेला असतो. पहिला संशय गेमवर जातो, मग जॉयस्टिकवर, मग ग्राफिक्स कार्डवर. मदरबोर्डकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. खरं तर कोणती गोष्ट कुठे जोडली जाते आणि तिला किती वीज मिळते, हे तोच ठरवत असतो.

दुसरीकडे, नवा कॉम्प्युटर बनवताना अनेक जण नेमकी उलटी चूक करतात. रंगीत लाइट, मोठे हीटसिंक आणि डब्यावरचा 'गेमिंग' शब्द बघून महागडा बोर्ड घेतात आणि मग प्रोसेसरसाठी पैसे उरत नाहीत.

काहींसाठी हा निव्वळ छंद आहे, तर काही जण बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये जाण्याआधी चेकलिस्ट आणि कॉकपिटची ओळख घरीच करून घेतात. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणाऱ्या २०० तासांत घरच्या सिम्युलेटरचे तास धरले जात नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे हा खर्च विचार करून केलेला बरा.

सिम्युलेटरचा भार नेमका कशावर पडतो?

बहुतेक गेममध्ये ग्राफिक्स कार्ड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो. फ्लाइट सिम्युलेटरचं गणित थोडं वेगळं आहे. विमानाच्या पंखांवरचा हवेचा दाब, इंजिन, कॉकपिटमधले डिजिटल पडदे, आकाशातली इतर विमानं, हवामान या सगळ्याची आकडेमोड दर क्षणाला सुरू असते आणि ती करतो प्रोसेसर. त्यातलं बरंचसं काम एकाच 'मेन थ्रेड'वर चालतं. म्हणजे प्रोसेसरमध्ये १६ कोअर असले, तरी एका कोअरवर कामाची रांग लागते आणि बाकीचे बऱ्यापैकी रिकामे बसतात.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये एफपीएस दाखवणारी चौकट सुरू केली, तर मोठ्या शहरावरून उडताना तिथे 'लिमिटेड बाय मेन थ्रेड' असा शेरा अनेकदा दिसतो. याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड तयार आहे, पण प्रोसेसरचं काम अजून संपलेलं नाही.

म्हणूनच सिम्युलेटरवाल्यांमध्ये एएमडीचे 'एक्स३डी' प्रोसेसर लोकप्रिय झाले. त्यांच्यावर कॅश मेमरीचा एक जादा थर बसवलेला असतो. उदाहरणार्थ, रायझन ७ ७७००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, तर ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ राहते, रॅमपर्यंतच्या फेऱ्या कमी होतात आणि सिम्युलेटरला त्याचा चांगलाच फायदा होतो.

मग मदरबोर्डचं काम काय?

सरळ सांगायचं तर मदरबोर्ड एफपीएस वाढवत नाही. एकच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड साध्या बोर्डवर लावलं काय किंवा दुप्पट किमतीच्या बोर्डवर लावलं काय, साधा बोर्ड धडधाकट असेल तर विमान जवळपास सारखंच उडतं.

त्यामुळे बजेट ठरवताना क्रम असा ठेवता येईल: आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम आणि त्यानंतर मदरबोर्ड. पण मदरबोर्ड क्रमात मागे आहे म्हणून मिळेल तो उचलला, असं करूनही चालत नाही. बोर्ड निवडताना चार गोष्टी बघाव्या लागतात: सॉकेट, वीजपुरवठा, रॅम आणि यूएसबी.

सॉकेट: पहिला निर्णय

सॉकेट म्हणजे प्रोसेसर जिथे बसतो तो चौकोन. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. म्हणून आधी प्रोसेसर ठरवा, मग बोर्ड.

एएमडीचा सध्याचा सॉकेट एएम५. तो २०२२ मध्ये आला आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी हे दोन्ही याच सॉकेटचे. २०२७ आणि त्यानंतरही या सॉकेटला साथ देणार असल्याचं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे आज मध्यम प्रोसेसर घेतला, तर काही वर्षांनी बोर्ड न बदलता फक्त प्रोसेसर बदलण्याची सोय राहते.

इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी एलजीए१७०० हा सॉकेट आहे. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, तर काही डीडीआर५. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे बोर्डच्या नावात 'डी४' आहे का ते बघून घ्या. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा सॉकेट एलजीए१८५१ आहे आणि तिथे फक्त डीडीआर५ चालते.

ज्यांच्याकडे आधीच एएमडीचा जुना एएम४ बोर्ड आहे, त्यांनी लगेच सगळं बदलायची गरज नाही. २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी याच सॉकेटचा आहे. तो चांगल्या स्थितीत मिळाला, तर बोर्ड आणि रॅम तीच ठेवून सिम्युलेटर बराच सुधारतो. मात्र त्याआधी बोर्डचा बायोस अपडेट करून घ्यावा लागतो.

बी, एक्स, झेड या अक्षरांचा अर्थ काय?

बी६५०, एक्स६७०, बी८५०, एक्स८७० ही चिपसेटची नावं. चिपसेट म्हणजे बोर्डवरचा वाहतूक नियंत्रक. 'ए' मालिका सगळ्यात साधी, 'बी' मधली आणि 'एक्स' वरची. इंटेलकडे हाच क्रम एच, बी आणि झेड असा आहे.

एका ग्राफिक्स कार्डच्या सिम्युलेटरसाठी 'बी' मालिका बहुतेकांना पुरते. वरच्या मालिकेत जादा पैसे जातात ते मुख्यतः जास्त पोर्ट, जास्त एसएसडी आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी. बी मालिकेतला भरपूर यूएसबी पोर्ट असलेला बोर्ड कधी कधी एक्स मालिकेतल्या दिखाऊ बोर्डापेक्षा सिम्युलेटरसाठी जास्त कामाचा ठरतो.

वीजपुरवठा आणि आपला उन्हाळा

पॉवर सप्लायमधून १२ व्होल्टची वीज येते, पण प्रोसेसरला साधारण १ व्होल्टच्या आसपासची लागते. हे रूपांतर करतो बोर्डवरचा व्हीआरएम हा भाग. रूपांतर करताना तो तापतो. फार तापला तर प्रोसेसरचा वेग कमी केला जातो आणि उड्डाणात झटके जाणवू लागतात.

इथे प्रोसेसरप्रमाणे गरज बदलते. ७८००एक्स३डी पूर्ण भारावर असला तरी सॉकेटमधून जास्तीत जास्त १६२ वॉट घेतो आणि गेममध्ये त्याहून बराच कमी. इंटेलच्या कोअर आय९ १४९००केची मर्यादा २५३ वॉट आहे. पहिल्याला हीटसिंक असलेला मध्यम बोर्ड पुरतो, दुसऱ्याला मजबूत बोर्ड हवा.

मुंबई-पुण्यात बसून परदेशी रिव्ह्यू बघताना एक गोष्ट विसरली जाते. त्या चाचण्या साधारणपणे २०-२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि एसी नसलेली खोलीही तापलेली असते. म्हणून व्हीआरएमवर हीटसिंकच नसलेला सगळ्यात स्वस्त बोर्ड टाळा आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहील असे पंखे लावा.

रॅम: चार स्लॉट असले तरी दोनच भरा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी किमान १६ जीबी, शिफारस ३२ जीबी आणि आदर्श ६४ जीबी रॅम सांगितलेली आहे. बहुतेकांनी ३२ जीबी धरून चालायला हरकत नाही.

चूक होते ती कांड्या निवडताना. 'आत्ता दोन घेऊ, नंतर दोन वाढवू' हा हिशोब डीडीआर५ मध्ये महागात पडू शकतो. ७८००एक्स३डीसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन कांड्यांना ५२०० आहे, पण चार कांड्या लावल्या की तो ३६०० वर येतो. म्हणजे रॅम वाढवली, पण तिचा वेग कमी झाला. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन आणि ६४ हवी असेल तर ३२ च्या दोन, असा एकाच पाकिटातला जोड घ्या.

चार स्लॉटच्या बोर्डवर या दोन कांड्या बहुधा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जाऊ शकतात. तुमच्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतं.

यूएसबी: सिम्युलेटरची खरी परीक्षा

साध्या गेमरला कीबोर्ड, माउस आणि हेडसेट एवढं पुरतं. सिम्युलेटरवाल्याची यादी बघा: कीबोर्ड, माउस, योक किंवा जॉयस्टिक, थ्रॉटल, रडर पेडल, डोक्याची हालचाल टिपणारा ट्रॅकर, हेडसेट आणि एखादं बटणांचं पॅनल. आठ पोर्ट इथेच संपले. व्हीआर हेडसेट आला की नववा.

त्यामुळे बोर्ड घेताना मागच्या बाजूचा फोटो उघडून यूएसबी पोर्ट मोजा. आठ किंवा त्याहून जास्त असतील तर उत्तम. जॉयस्टिक आणि पेडलना वेगवान पोर्टची गरज नसते, यूएसबी २.० पुरतो. वेगवान पोर्ट व्हीआर आणि बाहेरच्या ड्राइव्हसाठी राखून ठेवा.

दुसरा मुद्दा विजेचा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० पोर्ट ९००. साध्या हबवर चार उपकरणं लावली की एवढ्याच विजेची चार वाटण्या होतात. दिवे आणि पडदे असलेलं पॅनल चालू झालं की शेजारची जॉयस्टिक क्षणभर बंद पडू शकते. हब घ्यायचाच असेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या आणि मुख्य योक किंवा जॉयस्टिक थेट बोर्डलाच लावा.

तिसरा मुद्दा फारसा कुणाला माहीत नसतो. यूएसबी कंट्रोलरकडे उपकरणांसाठी ठरावीक 'एंडपॉइंट' असतात आणि एक उपकरण असे एकाहून अधिक एंडपॉइंट वापरतं. इंटेलच्या अनेक कंट्रोलरमध्ये ही मर्यादा ९६ आहे. घरगुती कॉकपिट मोठं होत गेलं की पोर्ट रिकामा असूनही 'यूएसबी कंट्रोलरची संसाधनं अपुरी आहेत' अशा अर्थाची सूचना विंडोजमध्ये येते. नवा हब आणून हे सुटत नाही, कारण हबही त्याच कंट्रोलरवर चालतो. उपाय म्हणजे पीसीआयई स्लॉटमध्ये बसणारं वेगळं यूएसबी कार्ड, ज्यावर स्वतःचा कंट्रोलर असतो. म्हणून ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर खाली एक तरी स्लॉट मोकळा राहतो का, हे आधीच बघा. आजची ग्राफिक्स कार्डं जाडजूड असतात आणि खालचे स्लॉट झाकून टाकतात.

आकार, एसएसडी आणि इंटरनेट

बोर्डचे तीन आकार बाजारात जास्त दिसतात: ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा एटीएक्स, २४४ बाय २४४ चा मायक्रो एटीएक्स आणि १७० बाय १७० चा मिनी आयटीएक्स. पोर्ट आणि स्लॉटची गरज बघता सिम्युलेटरसाठी एटीएक्स सोयीचा. जागा कमी असेल तर मायक्रो एटीएक्स चालेल. मिनी आयटीएक्सवर एकच पीसीआयई स्लॉट असतो आणि तो ग्राफिक्स कार्डातच जातो.

एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट असावेत, एक विंडोजसाठी आणि एक सिम्युलेटरसाठी. काही बोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की काही साटा पोर्ट बंद होतात. हेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जमिनीची आणि शहरांची चित्रं उडतानाच इंटरनेटवरून घेत असतो. त्यामुळे शक्य असेल तर राउटरपासून लॅन केबल ओढा. ते जमणार नसेल तर नावात 'वायफाय' असलेलं बोर्डचं मॉडेल घ्या.

बोर्ड बसवताना कुठे चुकतं?

लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा तुमच्या शहरातल्या दुकानदाराकडून कॉम्प्युटर जुळवून घेतला तरी या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये नाजूक पिना बोर्डवरच असतात. एक पिन वाकली तरी बोर्ड बाद होऊ शकतो आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत धरलं जात नाही. बोर्ड ताब्यात घेतानाच सॉकेटचा फोटो काढून ठेवा आणि त्यावरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. वॉरंटीसाठी बोर्ड परत देताना ते लागतं.

प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची ८ पिनची केबल बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते. ती राहिली तर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये लावा. मॉनिटरची केबल बोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डला लावा. ही चूक इतकी सर्रास होते की 'नवा कॉम्प्युटर स्लो आहे' या तक्रारीत आधी तेच तपासावं.

डीडीआर५ च्या बोर्डवर पहिल्यांदा बटण दाबलं की काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून मधेच वीज बंद करू नका. बऱ्याच बोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. बराच वेळ जो दिवा पेटून राहील, तिथे अडचण आहे असं समजा.

बायोसमधल्या चार सेटिंग

पहिलं, रॅमचा वेग. ६००० वेगाची रॅम विकत घेतली तरी ती सुरुवातीला ४८०० किंवा तशाच कमी वेगावर चालते. बायोसमध्ये जाऊन एएमडीवर 'एक्स्पो' आणि इंटेलवर 'एक्सएमपी' सुरू करावं लागतं. हे न केल्यामुळे पैसे मोजूनही पूर्ण वेग न मिळालेले कॉम्प्युटर पुष्कळ आहेत. हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्यामुळे गेम मधेच बंद पडू लागला तर वेग एक पायरी खाली आणून बघा.

दुसरं, 'रिसाइझेबल बार'. यामुळे प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डची पूर्ण मेमरी एकदम वापरता येते. नव्या बोर्डवर हे बहुधा सुरूच असतं, पण एकदा खात्री करा.

तिसरं, टीपीएम आणि सिक्युअर बूट. विंडोज १० ची साथ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि विंडोज ११ ला या दोन्हींची गरज असते.

चौथं, पंख्यांचा वेग. उड्डाण तासन्‌तास चालतं, म्हणून तापमान वाढेल तसे पंखे हळूहळू वेग घेतील असं ठेवा.

याशिवाय विंडोजमध्येही एक काम उरतं. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी उपकरणांना झोपवतं. लांबच्या प्रवासात ऑटोपायलट सुरू असतो, पेडलना तासभर कुणी हात लावत नाही आणि उतरताना ती जागीच होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या पर्यायावरची खूण काढा. असे जेवढे हब दिसतील, त्या सगळ्यांसाठी हे करा.

बायोस अपडेट खरंच गरजेचा आहे का?

'चालतंय तर हात लावू नका' हा सल्ला अनेक दुकानदार देतात. गेल्या काही वर्षांतली तीन उदाहरणं वेगळं सांगतात.

२०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी उपकरणं मधेच तुटत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने अडचण मान्य केली आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. जॉयस्टिकला दोष देत बसलेल्या अनेकांचं उत्तर तिथे होतं.

२०२३ मध्ये काही ७००० मालिकेचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने हे व्होल्टेज १.३ वर रोखणारा बदल बायोसमधून आणला.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं समोर आलं. जास्त व्होल्टेज मागितलं जाणं हे त्यामागचं कारण होतं. दुरुस्ती बायोस अपडेटमधूनच आली आणि इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही.

म्हणजे नव्या बोर्डवर सिम्युलेटर टाकण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरचा ताजा, स्थिर बायोस टाकणं हे पहिलं काम. ते करताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस लावूनच करा. 'बायोस फ्लॅशबॅक'चं बटण असलेला बोर्ड घेतला तर अशा वेळी पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा टाकता येतो, अगदी प्रोसेसर न लावताही. जुना स्टॉक असलेला बी६५० बोर्ड ९८००एक्स३डीसोबत घेतला तर हेच बटण लागतं, कारण जुन्या बायोसला तो प्रोसेसर ओळखता येत नाही.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

• सॉकेट प्रोसेसरशी जुळतो का? कंपनीच्या यादीत तुमचा प्रोसेसर आहे का आणि त्याला कोणता बायोस लागतो?
• रॅम डीडीआर४ की डीडीआर५? दोन कांड्यांचा जोड घेतलाय का?
• व्हीआरएमवर हीटसिंक आहे का?
• मागे किमान आठ यूएसबी पोर्ट आहेत का?
• ग्राफिक्स कार्ड बसल्यावर एक पीसीआयई स्लॉट मोकळा राहतो का?
• दोन एम.२ स्लॉट, लॅन किंवा वायफाय आहे का?
• बायोस फ्लॅशबॅक आहे का?
• बिलावर बोर्डचा सीरियल नंबर लिहिलाय का? वॉरंटी भारतातली आहे का?

या यादीत रंगीत लाइट कुठेच नाहीत. त्यांचे पैसे वाचले तर ते प्रोसेसरमध्ये घाला किंवा चांगली रडर पेडल घ्या. रनवे २७ वर उतरताना उपयोग त्यांचाच होणार आहे.